गॅस बदलला म्हणजे काम झालं?

मामूंची १९९२ ची मारुती १००० गेल्या वर्षी माझ्याकडे आली. त्यांची अट एकच होती, विकायची नाही. गाडी धडधाकट, पण एसी कित्येक वर्षांपासून बंद. अम्मीला दवाखान्यात न्यायची वेळ नेमकी दुपारची, म्हणून यंदा एप्रिलमध्ये एसीचं मनावर घेतलं.

पहिल्या गॅरेजात उत्तर मिळालं, "पुराना गॅस उडा देंगे, नया मार देंगे. एक घंटा." दुसऱ्या ठिकाणी त्याहून स्वस्त उपाय निघाला: स्वयंपाकाचा गॅस! तो थंड करतो, हे खोटं नाही. पण एसीचा इव्हॅपोरेटर डॅशबोर्डच्या आत असतो, आपल्या गुडघ्यांसमोर. तिथे गळती झाली आणि कुणी काडी ओढली तर? मी तसाच परत फिरलो.

तिसऱ्या गॅरेजात माझा जुना विद्यार्थी भेटला. उर्दू माध्यमातून दहावी झालेला, पुढे उस्तादाच्या हाताखाली शिकलेला. सलाम करून म्हणाला, "सर, नुसता गॅस बदलला तर कॉम्प्रेसर जाम होईल."

कारणही त्यानेच सांगितलं. जुन्या गाड्यांत आर-१२ असायचा. त्याच्यासोबतचं खनिज तेल त्यात मिसळून सगळीकडे फिरतं आणि कॉम्प्रेसरकडे परत येतं. नव्या आर-१३४ए मध्ये ते तेल मिसळत नाही. ते वाटेत कुठेतरी अडकून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून जुनं तेल काढून एस्टर तेल घालायचं, ड्रायर नवा बसवायचा, ओ-रिंगा बदलायच्या, निदान अर्धा तास व्हॅक्यूम धरायचा. आणि नवा गॅस जुन्याच्या वजनाइतका भरायचा नाही, ८०-८५ टक्केच. जास्त भरला तर दाब वाढतो, थंडावा नाही. एवढं करूनही सिग्नलला उभं राहिल्यावर हवा पूर्वीइतकी गार येणार नाही, हेही त्याने आधीच बजावलं. मी घरी येऊन इंग्रजीतली माहिती धुंडाळली. पोराचं एकही वाक्य चुकलेलं नव्हतं.

फक्त एक गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. नळ्यांत उरलेला जुना गॅस तोही हवेत सोडत असे. "वर जातो, सर, संपतो." तो संपत नाही. वर जाऊन ओझोनचा थर खातो. मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी हे १९७४ मध्येच सांगितलं होतं. त्यातूनच पुढे १९८७ चा माँट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये आला, म्हणजे मामूंच्या गाडीच्याच वर्षी. शिवाय आर-१२ कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजारांहून अधिक पट उष्णता धरतो. नवाही काही फार सोवळा नाही; ओझोनला त्रास देत नाही, पण सुमारे चौदाशे पट उष्णता धरतोच. म्हणून तोसुद्धा उडवून द्यायचा नसतो.

ऐकून तो गप्प झाला. मग गाडी घेऊन मोठ्या चौकातल्या गॅरेजात गेला. तिथे गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरायचं मशीन आहे. त्याचे पैसे मी दिले. छोट्या गॅरेजवाल्याने ते स्वतःच्या खिशातून घालावेत, अशी अपेक्षा ठेवणं मला ढोंग वाटतं. चार-पाच गॅरेजांनी मिळून असं एक मशीन घेतलं तर परवडू शकेल.

आपल्याकडे तालीमच्या जलशांत नव्वद टक्केवाल्यांचे सत्कार होतात. मीही त्यांना हार घातले आहेत. हा मुलगा त्या यादीत कधीच नव्हता. हवा-पाणी ही अल्लाहची अमानत आहे, हे आपण मिंबरवरून ऐकतो. पण ती अमानत रोज ज्याच्या पान्याखाली असते, त्याला वाचता येईल अशा भाषेत कागद देत नाही. सगळी माहिती इंग्रजीत, आणि काम करणारे हात उर्दू-मराठी वाचणारे. यात दोष त्याचा नाही, आम्हा शिक्षकांचा आहे.

म्हणून मी एका पानाचा तक्ता केला, अर्धा उर्दूत, अर्धा मराठीत. व्हॅक्यूमला उर्दूत 'खला' लिहिलं, मराठीत 'निर्वात'. त्याने तो वाचला, खिशातून पेन काढलं आणि दोन्ही शब्द खोडून दोन्हीकडे 'व्हॅक्यूम' लिहिलं. मग भिंतीवर चिकटवला.