किल्लीबरोबर पानाही द्या



घरातली जुनी गाडी वाटणीला निघाली की वाद होतो तो किमतीवरून. ती चालती कोण ठेवणार, हे कुणी विचारत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांच्या ‘यूट’ गाडीची हकीकत आम्हाला सांगावीशी वाटते.

यूट म्हणजे पुढून मोटारकार, मागून हौदा. १९३२ साली व्हिक्टोरिया राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र धाडले, असे सांगतात. रविवारी कोरड्या कपड्यांनी चर्चला जाता यावे आणि सोमवारी त्याच गाडीतून डुकरे बाजाराला नेता यावीत, एवढेच तिचे मागणे. दोन गाड्या घेण्याची ऐपत कुणाची होती? जिलाँगच्या कारखान्यातल्या ल्यू बँट या तरुणाने कारची केबिन आणि हौदा एकसंध जोडला आणि १९३४ मध्ये ही गाडी निघाली. १९५१ पासून होल्डन कंपनीनेही यूट काढली.

पुढे फोर्डने २०१६ मध्ये व होल्डनने २०१७ मध्ये तिथले उत्पादन थांबवले. म्हणजे आता अशा जुन्या यूट राहिल्या त्या घराघरांतल्याच. आजोबांनी कुंपणाची तार वाहिली, बापाने खाद्याची पोती वाहिली, आणि आता गाडी नातवाच्या दारात उभी! विकावी की ठेवावी?

आमचे मत स्पष्ट आहे. ठेवायची तर चालती ठेवा. ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे झाकलेल्या गाडीचा पत्रा कुजतो, रबर कडक होते, टाकीतले पेट्रोल नासते. आठवण राहते बाजूला, उरतो गंज. थंडीत चोक किती ओढायचा, कोणता पाटा एकदा तुटला होता, हे म्हाताऱ्यालाच ठाऊक. त्याने ते हयातीतच नातवाला शिकवावे, नातीलाही शिकवावे. गाडी मागितली होती ती बाईनेच ना?

हौसेपायी कर्ज काढा, असे आम्ही म्हणत नाही. आणि जुन्या गाडीवर फाजील विश्वासही नको. खुद्द बँट १९८७ मध्ये आपली जुनी यूट चालवतानाच अपघातात गेले. रोजच्या ओझ्याला नवी गाडी बरी. घरात सांभाळणारे कुणीच नसेल, तर जो सांभाळील त्याला खुशाल विका. त्यात कमीपणा कसला?

आपल्या दारातही वडिलांची एखादी जीप उभी असेल. पोराच्या हाती किल्ली देताना पानाही द्या, एवढेच सांगणे.