उद्यानांचा खर्च कोणी करावयाचा?

मुंबईतील उद्याने व मैदाने खाजगी संस्थांना ‘दत्तक’ देण्याचा घाट महापालिकेने पुन्हा पुन्हा घातला आहे. २००७ साली नागरिकांच्या विरोधापुढे ते धोरण थांबले. जानेवारी २०१६ मध्ये सभागृहाने ते नव्या रूपात संमत केले, तेव्हा मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली. २०२३ मध्ये पुन्हा मसुदा आला. त्या वेळी तर निर्वाचित सभागृहच अस्तित्वात नव्हते. कारण तेच, देखभालीला पैसा नाही. जिच्या मुदत ठेवी त्या सुमारास ऐंशी हजार कोटी रुपयांहून अधिक होत्या, त्या महापालिकेने हे सांगावे!

पैसा आहे; तो कोणत्या खात्यावर पडतो, हा प्रश्न आहे. उद्यान बांधणे हा भांडवली खर्च. त्याचे कंत्राट निघते, कोनशिला बसते. माळ्याचा पगार, पाणी, झाडांची छाटणी हा महसुली खर्च; त्याचे उद्घाटन कोणी करीत नाही. म्हणून कात्री तेथे लागते, उद्यान उजाड होते आणि तो उजाडपणाच दत्तकविधानाचे समर्थन ठरतो. अशा व्यवस्थेतून काही मैदानांवर क्लब उभे राहिले व बिगरसभासदांना फाटक बंद झाले. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला दुसरे अंगण नाही.

नागरिक समित्यांनी मैदाने राखली, हे मोठेच काम. आता त्यांनी कामगार संघटनांना बरोबर घेऊन प्रत्येक उद्यानासाठी देखभालीची स्वतंत्र तरतूद आणि कायम नेमणुकीचा माळी मागितला पाहिजे. आयुक्त अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या आरंभी मांडतात. मागणी त्यापूर्वी विभाग कार्यालयांत पोचावयास हवी.