विनातपास फैसला

रोह्यालगतच्या वरसे गावी, धाटावच्या कारखान्यातील पाळी संपवून घरी परतणाऱ्या मुलास अर्धा तास विलंब झाला, की त्यातून अपघात, अपघातातून रुग्णालय आणि रुग्णालयातून घराचा सर्वनाश अशी शृंखला एखादा पिता क्षणार्धात रचतो, तेव्हा पुराव्याची तहकीकात न करता त्याच्याच मनाने दिलेल्या फैसल्याने त्याची छाती धडधडत असते. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती उभारली ती भय घटनेतून नव्हे, तर मनाच्या अशा फैसल्यातून उपजते याच सूत्रावर, आणि मराठी वाचकांत तिचा प्रसार कि. मो. फडके यांनी निष्ठेने केला. रोह्याच्याच जिल्ह्यातील शिवथरघळीशी ज्यांचे नाव निगडित आहे, त्या समर्थ रामदासांनी तर मनालाच उद्देशून श्लोक रचले. ते पाठ म्हणणारे पुष्कळ, मनाची उलटतपासणी घेणारे विरळा! अर्थात कर्ज, बेकारी वा दुर्धर व्याधी यांनी ग्रासलेल्या मनुष्याच्या चिंतेस निव्वळ विचारदोष म्हणणे हा मला उद्दामपणा वाटतो, कारण तेथे भय सकारण असते. परंतु निद्रा आणि अन्न हिरावून घेणारी चिंता दैवाचा भोग मानून सोसण्याचे प्रयोजन नाही. १४४१६ या शासकीय ‘टेली-मानस’ क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.