संकेतस्थळाचा अंदाज आणि सीमाभागाची भाषा

बेळगाव किंवा निपाणीतील शेतकरी मोबाइलवर सरकारी संकेतस्थळ उघडतो, तेव्हा ब्राउझर प्रत्येक मागणीसोबत स्वतःची ओळख सर्व्हरला कळवतो. ‘युजर एजंट’ नावाच्या या ओळीत ब्राउझर, कार्यप्रणाली आणि काही वेळा उपकरणाचे मॉडेल नोंदलेले असते. अक्षरांचा साचा जुळवून पाहणाऱ्या ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’च्या साहाय्याने अनेक संकेतस्थळे त्या ओळीत ‘अँड्रॉइड’, ‘आयफोन’ किंवा ‘मोबाइल’ हे शब्द शोधतात आणि कोणते पान दाखवायचे ते ठरवतात.

हा आडाखा आता भरवशाचा राहिलेला नाही. २०१९ पासून आयपॅडवरील सफारी स्वतःची ओळख मॅक संगणक म्हणून देते. अँड्रॉइड टॅबवरील क्रोमच्या ओळीत ‘मोबाइल’ हा शब्द नसतो. त्यामुळे केवळ ‘अँड्रॉइड’ शोधणारा साचा टॅबलाही फोन समजतो. २०२३ मध्ये क्रोमने खासगीपणाच्या रक्षणासाठी अँड्रॉइडची आवृत्ती सरसकट ‘१०’ आणि मॉडेलच्या जागी ‘के’ हे एकच अक्षर पाठवण्यास सुरुवात केली. मॉडेलांच्या याद्यांवर बेतलेले साचे त्यामुळे निकामी झाले.

सीमाभागात याहून गंभीर प्रश्न भाषेचा आहे. पूर्वी काही ब्राउझर याच ओळीत भाषेचा संकेतही पाठवत. फायरफॉक्सने तो २०११ मध्ये वगळला. मात्र वापरकर्त्याने निवडलेली भाषा ‘ॲक्सेप्ट-लँग्वेज’ या स्वतंत्र नोंदीतून आजही सर्व्हरपर्यंत पोहोचते. फोनची भाषा मराठी असेल, तर तेथे ‘एमआर’ हा संकेत असतो. ही नोंद न वाचता केवळ राज्यावरून भाषा ठरवणारे संकेतस्थळ बेळगावच्या मराठी भाषकासमोर कन्नडच ठेवणार.

ज्या जिल्ह्यात वा तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक आहेत, तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे देशपातळीवर मान्य झालेले संरक्षण आहे. कागदासाठी आखलेले हे तत्त्व मोबाइलच्या पडद्यालाही लागू व्हायला हवे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मात्र मराठी अर्ज उपलब्ध करून देण्यासाठी त्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

गोव्यालाही हा विषय परका नाही. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. पानाची मांडणी पडद्याच्या रुंदीनुसार आपोआप बदलावी आणि भाषा नागरिकाला विचारून ती निवड जपावी, एवढी अट निविदेतच घालणे दोन्ही राज्यांच्या सरकारांना शक्य आहे.