खुर्चीत बसून विमानयुद्ध

घरात संगणक येतो तो अभ्यास, पत्रव्यवहार आणि हिशेब यांच्या नावाने. वर्ष-सहा महिन्यांत त्यावर खेळ येतात आणि एके दिवशी घरातले कुणीतरी लढाऊ विमान उडविण्याचा हट्ट धरते. हे कुणीतरी म्हणजे दरवेळी शाळकरी मुलगाच असतो असे नाही. बँकेतून निवृत्त झालेले आजोबाही असू शकतात. हट्टापाठोपाठ खर्चाची यादी येते आणि कुरबूर सुरू होते. पुष्कळदा असे होते, की महागडे ग्राफिक्स कार्ड आणले जाते, विमान मात्र धावपट्टीवरच गर्रकन फिरून पंख मोडून घेते आणि पंधरा दिवसांत सारा उत्साह मावळतो. पैसाही गेला आणि हौसही. ही फसगत टाळायची, तर पैसा कुठे घालावा आणि हात कशावर बसवावा, हे आधी समजून घेतले पाहिजे.

सिम्युलेटर हे केवळ खेळणे नव्हे. एडविन लिंक या अमेरिकन तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते वापरून त्याने १९२० च्या दशकाच्या अखेरीस जमिनीवरच डोलणारे, वळणारे एक लाकडी विमान तयार केले. सुरुवातीला ते जत्रेतल्या पाळण्यासारखे करमणुकीच्या बागांतच खपले. १९३४ साली अमेरिकेत टपालाची विमाने चालविण्याचे काम लष्कराकडे आले. धुके आणि हिमवृष्टीत केवळ उपकरणे पाहून उडण्याचा सराव नसलेले अनेक वैमानिक काही आठवड्यांत प्राणाला मुकले. तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्याच्या यंत्रांवर शिकले.

आपल्याकडेही हा प्रश्न परका नव्हता. मिग-२१ विमाने १९६३ पासून २०२५ पर्यंत भारतीय हवाई दलात होती. त्यांतली कित्येक नाशिकजवळच्या ओझरला तयार झाली. हे विमान ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीवर उतरते. वेगवान जेटकडे जाण्याची मधली पायरी म्हणून ‘हॉक’ हे प्रशिक्षण विमान हवाई दलात आले ते २००८ साली. तोवर तुलनेने संथ विमानांवरून तरुणांना मिगकडे जावे लागे. ही उडी केवढी होती, याची थोडी कल्पना आज घरबसल्या येऊ शकते. ‘डीसीएस वर्ल्ड’ या सिम्युलेटरसाठी मिग-२१ बिस हे विमान विकत मिळते. मूळ सिम्युलेटर मात्र फुकट आहे. त्याबरोबर रशियन सुखोई-२५टी आणि मस्टँगचे शस्त्रविरहित प्रशिक्षण विमान मिळते. नवशिक्याने त्या मस्टँगपासूनच आरंभ करावा.

पहिला खर्च कशावर?

पहिला पैसा जॉयस्टिकवर घालावा. कळफलकाच्या बटणाला दाबणे आणि सोडणे एवढेच ठाऊक असते. विमानाला तर तसूतसूने हलणारा हात हवा. दांडा पिळून रडर वापरता येईल आणि सोबत थ्रॉटलची छोटी पट्टी असेल, अशी साधी जॉयस्टिक पहिल्या वर्षाला पुरते. घेताना आतला संवेदक कोणता, हे विचारावे. घासून चालणारे संवेदक कालांतराने झिजतात आणि हात स्थिर असतानाही विमान थरथरू लागते. चुंबकावर चालणारे ‘हॉल’ संवेदक असे झिजत नाहीत. जॉयस्टिकची वायर थेट संगणकाला जोडावी; एकाच स्वस्त हबवर चार वस्तू लोंबकळत ठेवल्या, की ऐन लढाईत ती निकामी होते.

दुसरा खर्च प्रोसेसरवर. सिम्युलेटरमध्ये प्रत्येक विमानाची गती, वारा, गोळ्या यांचे गणित क्षणोक्षणी चालते आणि त्याचा बराचसा भार एकाच कोअरवर पडतो. म्हणून कोअरची संख्या पाहून भुलण्यापेक्षा एकेक कोअर किती वेगवान आहे आणि कॅश किती मोठी आहे, ते पाहावे. रॅम ३२ जीबी असावी आणि ती एका पट्टीत न घेता १६-१६ च्या दोन पट्ट्यांत घ्यावी. त्यामुळे प्रोसेसरला माहिती अधिक वेगाने मिळते. साठवणीसाठी एसएसडीच हवी. नकाशे आणि विमाने वाढत गेली, की शे-दोनशे जीबी जागा सहज जाते.

ग्राफिक्स कार्डचा निर्णय पडद्यावर सोपवावा. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात, तर ‘फोर के’ पडद्यावर सुमारे ८३ लाख. म्हणजे दर क्षणी चौपट चित्र रंगवायचे. साध्या पडद्यावर समाधान असेल, तर मध्यम कार्ड पुरते. नवे कार्ड आणूनही वेग वाढला नाही, अशी तक्रार असेल, तर आधी पडद्याची वायर पाहावी. ती कार्डाऐवजी मदरबोर्डला जोडलेली सापडणे मुळीच दुर्मिळ नाही!

वीजपुरवठ्याकडे दुर्लक्ष करणे सर्वांत महाग पडते. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटचाच भार पेलतो. वीज गेल्याबरोबर मोठ्या कार्डाचा संगणक त्याच्यावर क्षणभरही टिकत नाही. म्हणून खरेदी करताना व्हीए नव्हे, वॅट विचारावेत, आणि घरातले अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्यावे. उन्हाळ्यात कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नये आणि दोन-तीन महिन्यांनी पंख्यांवरची धूळ काढावी. संगणक तापला, की स्वतःच वेग कमी करतो आणि दोष मात्र सिम्युलेटरला लागतो.

हात कसा बसवावा?

पहिला आठवडा बंदुकीला हात लावू नये. उड्डाण, एक फेरी आणि उतरणे, एवढेच करावे. मस्टँगसारखे एका पंख्याचे विमान पूर्ण जोर देताच डावीकडे ओढते. म्हणून थ्रॉटल हळूहळू वाढवावा आणि उजवा रडर आधीच थोडा देऊन ठेवावा. विमान वळल्यावर रडर देणारा नेहमीच उशीर करतो. हवेत गेल्यावर ट्रिम वापरायला शिकावे. हात सोडला, तरी विमान सरळ जाते, तेव्हा ट्रिम जमला असे समजावे.

दुसरी गोष्ट स्टॉलची. वेग कमी झाला म्हणजेच विमान कोसळते, ही समजूत अपुरी आहे. पंख हवेला फार मोठ्या कोनात भिडला, की त्याची उचल तुटते, मग वेग कितीही असो. उंची न सोडता विमान ६० अंश कलवून वळविले, तर पंखांवर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग सुमारे १.४ पट होतो. सरळ जाताना ताशी १६० किलोमीटरला स्टॉल होणारे विमान अशा वळणात २२५ लाच हात टेकते. म्हणून जमिनीजवळ दांडा जिवाच्या आकांताने ओढू नये. थरथर जाणवताच तो थोडा ढिला सोडावा.

तिसरी गोष्ट शक्तीच्या हिशेबाची. उंची म्हणजे बँकेतली ठेव आणि वेग म्हणजे हातातली रोकड. खाली झेपावले, की ठेवीची रोकड होते. वर चढले, की पुन्हा ठेव. कचकन घेतलेले प्रत्येक वळण मात्र निव्वळ खर्च. मिग-२१ च्या त्रिकोणी पंखांना हा खर्च विशेष जड जातो. शत्रूमागे गरगर फिरणारा नवशिका दोन मिनिटांत कफल्लक होतो आणि वर थांबलेला प्रतिस्पर्धी आरामात खाली येतो.

नेमबाजीतही हिशेबच आहे. समोरून आडवे जाणारे विमान ताशी ३६० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १०० मीटर जाते असे धरा. ३०० मीटर अंतर कापायला गोळीला साधारण ०.४ सेकंद लागतात. तेवढ्यात ते विमान ४० मीटर पुढे निघून जाते. मस्टँग किंवा स्पिटफायरची लांबी ९ ते १० मीटर असते, म्हणजे नेम चार विमाने पुढे धरायला हवा! शहाणा माणूस म्हणून मागून जवळ जातो आणि मगच चाप ओढतो.

हे शहाणपण जुनेच आहे. ओस्वाल्ड ब्योल्के या जर्मन वैमानिकाने १९१६ साली हवाई लढाईचे नियम लिहून ठेवले. सूर्य पाठीशी ठेवा, जवळ गेल्याशिवाय गोळी झाडू नका, शत्रूवरची नजर काढू नका, दोघांनी मिळून एकाच शत्रूवर तुटून पडू नका, असे त्यांत सांगितले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ऐन चकमकीत, त्याच्याच तुकडीतल्या एका सहकाऱ्याचे विमान त्याच्या विमानावर घासले आणि तो कोसळून मरण पावला. त्याचे वय होते २५.

घरातल्या वैमानिकाला ही गोष्ट जरूर सांगावी. पडद्यावर विमान पडले, तर एक बटण दाबून पुन्हा धावपट्टीवर येता येते. या बटणाचा उपयोग पुन्हा घाईने झुंजायला जाण्यासाठी करू नये. बहुतेक सिम्युलेटर उड्डाणाची नोंद ठेवतात. ती नोंद पाहून कोणत्या क्षणी वेग संपला, कोणत्या वळणात नजर हटली, हे वहीत टिपावे आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच एक चूक सुधारावी. रोज पाऊण तास पुरे. डोळ्यांना विश्रांती, पाठीला सरळ खुर्ची आणि रात्रीच्या जेवणाला सर्वांबरोबर हजेरी, एवढी शिस्त पाळली, तर घरातल्या कुणालाही या हौसेबद्दल कुरकुर करण्याचे कारण उरणार नाही.