कार्यालयाजवळ स्थानक आले, आता भिलाईहून थेट गाडी हवी

भिलाई : छत्तीसगढची प्रशासकीय राजधानी असलेल्या नवा रायपूरमध्ये सरकारी व व्यावसायिक कार्यालयांसाठी आखलेल्या परिसरात ‘सीबीडी’ हे छोटे रेल्वे स्थानक उभे आहे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मार्च 2025 मध्ये रायपूर-अभनपूर मेमू गाडीला हिरवा झेंडा दाखवला आणि या मार्गावर प्रवासी वाहतूक सुरू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ही सेवा राजिमपर्यंत वाढवण्यात आली. रायपूर ते अभनपूर भाडे अवघे 10 रुपये ठेवण्यात आल्याने तिचे स्वागतही झाले. मात्र कार्यालयाजवळ स्थानक असणे आणि रेल्वेने कार्यालयात जाता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भिलाई-दुर्ग पट्ट्यातून पाहिले तर हा फरक ठळकपणे जाणवतो.

सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्यात 1959 मध्ये उत्पादन सुरू झाले. कारखान्याच्या बरोबरीनेच कामगारांसाठी सेक्टरनिहाय वसाहत उभी राहिली. घर आणि काम यांतील अंतर सायकलने कापता येईल, असे ते नियोजन होते. नवा रायपूरमध्ये याच्या उलट घडले. मंत्रालय 2012 मध्ये तेथे हलवले गेले, पाठोपाठ संचालनालयेही गेली. पण असंख्य कर्मचाऱ्यांची घरे, मुलांच्या शाळा आणि वृद्ध आईवडील रायपूर, भिलाई व दुर्ग येथेच राहिले. कामाची जागा हलली, संसार हलला नाही. साहजिकच रोजच्या प्रवासाचा भार रस्त्यावर पडला.

हा भार हलका करण्याची क्षमता रेल्वेत आहे. परंतु सुरुवातीच्या वेळापत्रकानुसार रायपूरहून सकाळी 9 आणि दुपारी 4.20 वाजता, अशा दिवसाला दोनच गाड्या होत्या. राज्य शासनाची कार्यालये सकाळी 10 वाजता सुरू होतात. म्हणजे कर्मचाऱ्याच्या उपयोगाची सकाळची गाडी एकच. भिलाईच्या प्रवाशाला सुमारे 30 किलोमीटरचा प्रवास करून आधी रायपूर गाठायचे आणि तेथे गाडी बदलायची. पहिल्या गाडीला थोडा उशीर झाला, तरी पुढचा सगळा हिशेब चुकतो. असा अनुभव दोनदा आला की माणूस पुन्हा मोटारसायकलकडे वळतो. त्यात स्थानकापासून मंत्रालयापर्यंतचे अंतर उरतेच. गाडीच्या वेळेशी जोडलेली बस नसेल तर स्वस्त तिकिटाचा लाभ तेथेच संपतो.

महाराष्ट्रातील वाचकांना ‘सीबीडी’ हे नाव बेलापूरमुळे परिचित आहे. नवी मुंबईत रेल्वेमार्गांच्या खर्चाचा 67 टक्के वाटा सिडकोने उचलला. वाशी व बेलापूर येथे स्थानकाच्या इमारतीतच कार्यालयांना जागा मिळाली. तरीही या स्थानकांचे यश केवळ इमारतींमुळे नव्हते. हार्बर मार्गाची गाडी मुंबईहून थेट येते आणि एक चुकली तरी काही मिनिटांत दुसरी मिळते, या भरवशावर तेथील नोकरदार घर आणि नोकरी निवडतात. वारंवारता हीच उपनगरी रेल्वेची खरी पायाभूत सुविधा होय.

छत्तीसगढमध्ये असा भरवसा निर्माण करणे सोपे नाही. दुर्ग-रायपूर हा मुंबई-हावडा मुख्य मार्गाचा भाग असून भिलाईच्या यार्डातून कोळसा, लोहखनिज व पोलादाची मोठी वाहतूक चालते. मालवाहतुकीतून रेल्वेला महसूल मिळतो, तर उपनगरी प्रवाशांकडून मिळणारे उत्पन्न अल्प असते. त्यामुळे मार्गावर जागा कोणाला द्यायची, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. मात्र मार्गच उपलब्ध नाही, असे म्हणता येणार नाही. दुर्गहून विशाखापट्टणमकडे जाणारी वंदे भारत रायपूरमार्गेच पुढे महासमुंदला जाते. सीबीडीचा फाटा ज्या मंदिर हसौद स्थानकापासून फुटतो, ते याच मार्गावर आहे.

राज्याच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात रायपूर-दुर्ग मेट्रोच्या सर्वेक्षणासाठी 5 कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. रायपूर, नवा रायपूर आणि दुर्ग-भिलाई यांच्या एकत्रित नियोजनासाठी राजधानी क्षेत्र विकास प्राधिकरणाचा कायदाही विधानसभेने जुलै 2025 मध्ये संमत केला. नवा रायपूरमध्ये डेटा सेंटर पार्कचे भूमिपूजन झाले असल्याने नोकऱ्या वाढतील, तशी प्रवाशांची संख्याही वाढेल.

मेट्रो प्रत्यक्षात येण्यास अनेक वर्षे लागतील. रूळ आणि स्थानक मात्र आजच तयार आहेत. कार्यालयीन वेळेत दुर्गहून सीबीडीपर्यंत थेट मेमू आणि स्थानकाबाहेर तिची वाट पाहणारी बस, एवढी सोय प्रायोगिक तत्त्वावर केली तरी या पट्ट्यातील खरी मागणी किती, हे कळू शकेल. नव्या प्राधिकरणाला आपली उपयुक्तता सिद्ध करण्यासाठी मेट्रोच्या आराखड्यापूर्वी या वेळापत्रकापासून प्रारंभ करता येईल.