बोटांनाही मधली सुट्टी हवी!



आज सुरुवातीलाच एक प्रयोग करू या. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग हलकेच धरा. आता उजव्या हाताची बोटं टेबलावर नाचवा, पेटी वाजवल्यासारखी. काय जाणवलं? नाचतायत बोटं, पण वळवळ होतेय कोपराजवळ! आहे की नाही गंमत?

बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच मुळी. ते असतात कोपराखाली. तिथून चिवट दोऱ्या निघतात आणि बोटांपर्यंत जातात. त्यांना कंडरा म्हणतात. कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्याच समजा ना! मनगटात तळव्याच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. त्यातून नऊ कंडरा आणि एक महत्त्वाची नस, अशी मंडळी दाटीवाटीने जातात. मनगट वाकवून ठेवलं की या गर्दीवर आणखी दाब येतो.

आता एक गणित. तुमच्यातल्या कितीतरी जणांना मोठं होऊन कॉम्प्युटर प्रोग्रॅमर व्हायचंय. "बाई, त्यात काय, नुसतं बसून तर काम!" असं आमच्या वर्गातला एकजण म्हणालाच. बरं, मिनिटाला ४० शब्द, आणि एका शब्दाला पाच अक्षरं धरा. मिनिटाला किती वेळा बोट आपटलं? २०० वेळा. तासाला १२,०००. आणि चार तासांत? ४८,०००! एकेक ठोका अगदी हलका, पण थेंबे थेंबे तळे साचे, हे दुखण्यालाही लागू पडतं बरं का.

या दुखण्याला म्हणतात आर. एस. आय., म्हणजे 'रिपिटिटिव्ह स्ट्रेन इंज्युरी'. पुन्हा पुन्हा पडणाऱ्या ताणाने होणारी इजा. पडलं, लागलं, रक्त आलं, असं काही होत नाही. म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होतं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे बाबा प्रोग्रॅमर आहेत. आधी संध्याकाळी त्यांचं मनगट नुसतं जड व्हायचं. "हे काम संपू दे, मग बघू," म्हणत त्यांनी कित्येक महिने काढले. मग रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येऊ लागली. एके दिवशी हातातून चहाचा कप निसटला, तेव्हा कुठे ते डॉक्टरांकडे गेले. काही आठवडे टायपिंग बंद! ज्या हातावर घर चालतं, तोच हात थांबला. आता ते पुन्हा कामावर जातात. पण लेकीची वेणी घालताना अजूनही त्यांना मध्येच थांबावं लागतं.

हा आजार कॉम्प्युटरने आणला, असं मात्र समजू नका. इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे डॉक्टर होते. कामामुळे होणाऱ्या आजारांवर त्यांनी १७०० साली एक पुस्तक प्रसिद्ध केलं. लेखनिकांच्या दुखण्याबद्दलही त्यांनी लिहून ठेवलंय. कारणं कोणती? सतत बसून राहणं, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण. एका लेखनिकाचा उजवा हात निकामी झाला, म्हणून तो डाव्या हाताने लिहायला शिकला. थोड्याच दिवसांत डाव्याचीही तीच गत! म्हणजे नुसता हात बदलून भागत नाही. कामाची पद्धतच बदलायला हवी.

ती कशी? नीट वाचा.

पाठ टेकून बसा, खांदे सैल सोडा. कोपर काटकोनात आणि मनगट सरळ, खाली-वर वाकलेलं नको. बटणं हलकेच दाबा, ती काही ढोलकी नव्हे! माऊस कीबोर्डला खेटून ठेवा, म्हणजे हात लांबवावा लागणार नाही. दोन बटणं एकदम दाबायची असतील तर दोन्ही हात वापरा. बिचाऱ्या करंगळीला ताणू नका.

प्रोग्रॅमिंगमध्ये टायपिंगपेक्षा विचारच जास्त असतो. विचार करताना हात मांडीवर ठेवा. आधी कागदावर आखणी केलीत, तर खोडाखोडही कमी होईल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मधली सुट्टी! अर्ध्या तासाने दोन मिनिटं उठायचंच. प्रोग्रॅममधली चूक सापडत नसली की माणूस तहान-भूक विसरतो. म्हणून घड्याळाचा गजर लावा. पाण्याची मोठी बाटली जवळ घेऊन बसू नका, छोटा पेला घ्या. तो भरायला उठावंच लागेल! मात्र त्या दोन मिनिटांत मोबाईल हातात घ्यायचा नाही हं. अंगठ्याला कुठली आलीय मग सुट्टी?

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. मोठ्यांच्या खुर्चीत मुलांचे पाय लोंबकळतात. पायाखाली पाट द्या, बसायला घडी घातलेली चादर द्या. लॅपटॉपवर बराच वेळ काम असेल, तर तो चार जाड पुस्तकांवर ठेवून वेगळा कीबोर्ड जोडा. आणि मूल "हात दुखतोय" म्हणालं, तर "अभ्यास टाळायची निमित्तं!" म्हणून उडवून लावू नका. मुंग्या येणं, बधिरपणा, हातातून वस्तू पडणं, यांतलं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. मनानेच पट्टा बांधणं किंवा व्यायाम सुरू करणं नको. आणि हो, हे सगळं तुमच्या स्वतःच्या हातांनाही लागू आहे!

मुलांनो, दुखणं म्हणजे शरीराने वाजवलेली घंटा. शाळेची घंटा झाली की कसे पळत सुटता? तसंच हाताने घंटा वाजवली की काम थांबवायचं आणि घरात सांगायचं. सहन करण्यात काही शौर्य नाही.

या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. घरात जे कोणी कॉम्प्युटरवर काम करतं, त्यांचं मनगट सरळ आहे का, दर अर्ध्या तासाने ते उठतात का, हे दोन दिवस वहीत टिपा. नाही उठले, तर खुशाल जाऊन सांगा, "चला, मधली सुट्टी झाली!"

तुमच्या बाई